कॅसिनो कुणाचे, किनारा कुणाचा?

महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६ हा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात रद्द झाला, तेव्हा राज्यातील बहुसंख्य नागरिकांना असा काही कायदा होता हेच प्रथम कळले. सत्तेचाळीस वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात होता. एकाही सरकारने तो अमलात आणण्याची अधिसूचना काढली नाही आणि तो फाडून टाकण्याचे धैर्यही दाखविले नाही. मधूनच कुणीतरी न्यायालयात जाऊन ‘कायदा आहे तर परवाने द्या’ असे म्हणत असे. मग मंत्रालयातील फायली हलत आणि कोकण किनाऱ्यावरील जमिनींचे दलाल कान टवकारत. २०२३ मध्ये राज्य सरकारने हे दार कायमचे बंद केले, त्याबद्दल त्याचे नि:शंक अभिनंदन केले पाहिजे.

या कायद्याचे जन्मवर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९७६ म्हणजे आणीबाणीचे वर्ष. संघावर बंदी होती, हजारो कार्यकर्ते मिसाखाली कारागृहात होते, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. आणि शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाला व विधिमंडळाला त्या काळात द्यूतगृहांची चिंता पडली होती! गंमत अशी की त्याच १९७६ मध्ये शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत सार्वजनिक जुगार प्रतिबंधक कायदा झाला. म्हणजे त्या वर्षी गोवा जुगाराला बंदी करीत होता आणि महाराष्ट्र त्याला परवाना देऊ पाहत होता. आज चित्र नेमके उलटे आहे. गोव्याच्या कायद्याला १९९२ मध्ये पहिले भोक पडले आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे बसली. १९९६ मध्ये दुसरे पडले आणि नौकांवर पत्ते व रूलेटचे टेबल आले. ही दोन्ही भोके काँग्रेसच्या राजवटीत पडली हे खरे. ती बुजविण्याचे कर्तव्य ज्यांच्याकडे आले त्यांनी काय केले, हाही प्रश्न टाळता येणार नाही. त्याकडे पुढे येऊ.

कायदा रद्द झाला म्हणून सिंधुदुर्गाने निश्चिंत व्हावे अशी परिस्थिती मात्र नाही. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या बाजारपेठेत आजही सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात, ‘‘गोव्याने कमावले आणि आपण सोवळे नेसून बसलो.’’ १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झालो, त्यातून मिळाले काय, असा त्यांचा सवाल असतो. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी म्हणून नव्वदच्या दशकात संपादित झालेल्या जमिनी वर्षानुवर्षे पडून राहिल्या, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांचा वैताग खोटा नाही. परंतु त्या वैतागातून जे उत्तर सुचविले जाते ते तपासून घेतले पाहिजे. हे उत्तर देणारा हटकून लास वेगासचे नाव घेतो. ‘वाळवंटात नंदनवन उभे राहिले, आपल्याकडे तर समुद्र आहे!’

तेव्हा त्या नंदनवनाचा मालक कोण, हे आधी पाहू.

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. महामंदीचे दिवस होते, राज्य उजाड होते, शेती नव्हती, माणसे नव्हती. लास वेगास हे रेल्वेवरील एक लहानसे ठाणे होते. ज्या भव्य हॉटेलांमुळे ते जगाला ठाऊक झाले त्यांपैकी ‘फ्लेमिंगो’ डिसेंबर १९४६ मध्ये उघडले. कल्पना होती बिली विल्कर्सन या लॉस एंजेलिसच्या व्यावसायिकाची. पैसा संपला तेव्हा गुन्हेगारी टोळ्यांच्या वतीने बगसी सीगल पुढे आला आणि हॉटेल त्याचे झाले. पुढच्याच जूनमध्ये सीगलला गोळ्या घालून ठार करण्यात आले. १९५० चे ‘डेझर्ट इन’ याहून बोलके आहे. विल्बर क्लार्क नावाच्या माणसाने ते बांधायला घेतले, त्याचेही पैसे संपले, मग क्लीव्हलंडचा मो डॅलित्झ व त्याची मंडळी पैसे घेऊन आली. फलकावर नाव विल्बर क्लार्कचे राहिले. सत्ता मात्र डॅलित्झची. पुढे वाहनचालकांच्या संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून या हॉटेलांना कर्जे मिळू लागली. म्हणजे ट्रक चालविणाऱ्या श्रमिकाच्या म्हातारपणीच्या पुंजीवर टोळ्यांचे महाल उभे राहिले, आणि मोजणीच्या खोलीतून रोकड हिशेबात येण्यापूर्वीच शिकागो, कॅन्सस सिटीकडे जाऊ लागली.

नोव्हेंबर १९६६ मध्ये अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज डेझर्ट इनमध्ये उतरला. जागा सोडा म्हटल्यावर त्याने पुढच्या वर्षी हॉटेलच विकत घेतले आणि मागोमाग आणखी काही. १९६९ मध्ये कायदा बदलून भागधारकांच्या मोठ्या कंपन्यांना कॅसिनोचे मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला, टोळ्या हळूहळू मागे हटल्या. सुधारणा झाली, असे म्हणतात. झालीही. पण मालकी गावाकडे आली काय? आज सीझर्स पॅलेस, एमजीएम ग्रँड, व्हेनेशियन या हॉटेलांची जमीन व इमारत ‘विची प्रॉपर्टीज’ या न्यूयॉर्कस्थित गुंतवणूक न्यासाच्या मालकीची आहे. हॉटेल चालविणारी कंपनी त्याला भाडे देते आणि ते भाडे शेअर बाजारातून जगभरच्या गुंतवणूकदारांच्या खात्यात जाते. टोळी गेली, धनाढ्य आला; धनाढ्य गेला, कंपनी आली; कंपनीच्याही वर न्यास बसला. पंचाहत्तर वर्षांत चार वेळा मालक बदलले, आणि लास वेगासचा सामान्य रहिवासी प्रत्येक वेळी तेथे चाकरच होता. त्याला बरे वेतन मिळते ते तेथील कडव्या कामगार संघटनेमुळे. मालकाच्या औदार्याचा त्यात भाग नाही.

असे का होते, याचे कारण खेळाच्या गणितातच आहे. अमेरिकन रूलेटच्या चक्रावर अडतीस घरे असतात आणि एका घरावर पैज लावून जिंकणाऱ्यास लावलेली रक्कम धरून छत्तीस पट पैसे मिळतात. अडतीस आणि छत्तीस यांच्यातील अंतर मालकाचे. शंभर रुपये फिरले की सरासरी सव्वापाच रुपये त्याच्या पेटीत पडतात. कुणाचे नशीब फळफळो अथवा फुटो, त्याला फरक पडत नाही. ज्या धंद्यात खेळणारा सरासरीने हरतोच आणि मालक सरासरीने जिंकतोच, त्या धंद्यात ‘मालक कोण’ हा एकच अर्थशास्त्रीय प्रश्न शिल्लक उरतो. हस्तिनापूरच्या सभेतही फासे शकुनीचे होते आणि सभागृह दुर्योधनाचे.

येथे कुणी कौटिल्याचा दाखला काढतो. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे, जिंकलेल्या रकमेचा शेकडा पाच भाग राज्याने घ्यावा असे सांगितले आहे, मग तुम्ही हिंदुत्ववादी कशाला नाक मुरडता? हा दाखला अर्धा आहे. कौटिल्याने द्यूत एका जागी आणले ते चोर व हेर ओळखता यावेत म्हणून. अन्यत्र खेळणाऱ्यास त्याने दंड सांगितला. फासे पुरविणारा अधिकारी राज्याचा होता. द्यूतगृह बांधून नफा वाटणारा खासगी श्रेष्ठी त्याच्या ग्रंथात नाही. मनूने तर द्यूत राज्यातून हद्दपार करण्याचाच आदेश राजाला दिला. आणि ऋग्वेदातील अक्षसूक्त हे जगातील वाङ्मयात जुगाऱ्याच्या घराची वाताहत सांगणाऱ्या अतिप्राचीन रचनांपैकी एक आहे. आपल्या पूर्वजांना द्यूत ठाऊक नव्हते असे नाही. फार चांगले ठाऊक होते, म्हणूनच ते सावध होते.

आता गोव्याकडे येऊ. मांडवीत आज सहा कॅसिनो नौका नांगरून उभ्या आहेत. नौका हा शब्द केवळ कायद्यासाठी; त्या कुठेही जात नाहीत. पत्ते व रूलेटचे टेबल जमिनीवर मांडता येत नाही, म्हणून ते पाण्यावर मांडले एवढेच. पहिली नौका ‘कॅराव्हेला’ अडवाणी हॉटेल्सच्या समूहाने या शतकाच्या आरंभी आणली. ती चालविणारी कंपनी पुढे डेल्टा कॉर्पने विकत घेतली. ही डेल्टा कॉर्प मूळची ‘ॲरो वेबटेक्स’ नावाची वस्त्रोद्योगातील कंपनी. मुंबईच्या मॉल व बांधकाम व्यवसायातून आलेले जयदेव मोदी तिचे प्रवर्तक. एकेक नौका घेत ती या क्षेत्रातील देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली. दुसरे नाव गोल्डन ग्लोब हॉटेल्स. हरियाणाचे माजी मंत्री गोपाल कांडा यांच्याशी निगडित. तिची ‘लकी सेव्हन’ ही नौका जुलै २०१७ मध्ये भर पावसाळ्यात मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली आणि गोमंतकीयांना ती कित्येक दिवस पाहत बसावे लागले. मुंबई, दिल्ली, हरियाणा. या यादीत पेडण्याचा, फोंड्याचा, काणकोणचा माणूस कोठे आहे? तो आहे, गणवेश घालून दारात उभा आहे.

महसुलाचा युक्तिवाद केला जातो. परवाना शुल्कातून गोवा सरकारला मोठी रक्कम मिळते हे कुणी नाकारत नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर विभागाने डेल्टा कॉर्पला ११ हजार १३९ कोटी रुपयांच्या कराची नोटीस बजावली आणि कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले. पैजेच्या पूर्ण रकमेवर कर मोजावा की मालकाच्या मिळकतीवर, असा तो वाद आहे. त्यातील कायदेशीर बाजू काहीही असो, एका कंपनीच्या पावणेपाच वर्षांच्या हिशेबात एवढा आकडा निघू शकतो, यावरून या टेबलांवरून किती पैसा फिरतो याची कल्पना यावी. केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोंवरचा कर ४० टक्के केला, म्हणजे त्यांना पानमसाल्याच्या पंक्तीला बसविले. त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. तरुण कर्जबाजारी होतात, कुटुंबे उद्ध्वस्त होतात, आत्महत्या होतात, ही कारणे सरकारनेच दिली. कारणे शंभर टक्के खरी आहेत. मग जे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर समाजघातक आहे ते मांडवीच्या पाण्यावर पर्यटन कसे होते?

आता तो अवघड प्रश्न. विरोधी पक्षनेते असताना मनोहर पर्रीकरांनी मांडवीतील कॅसिनोंविरुद्ध आवाज उठविला होता. २०१२ मध्ये गोव्यात आपल्या विचारांचे सरकार आले आणि तेव्हापासून तेच आहे. मांडवीतील नौकांना तात्पुरती मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, हा क्रम या काळात चालूच राहिला. पर्रीकरांच्या साधेपणाविषयी आणि कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनच हे लिहावे लागते. ज्यांचे आपल्यावर प्रेम नाही त्यांच्याकडून हा प्रश्न येण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही, घरच्यांनीच विचारावा. सत्ता चालविताना तडजोडी कराव्या लागतात हे मान्य केले, तरी तडजोड आणि मुदतवाढीची सवय यांत फरक आहे.

या सरकारांनी एक गोष्ट मात्र केली आणि तीच सिंधुदुर्गाने सर्वांत नीट वाचायला हवी. २०१२ च्या दुरुस्तीने गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदीची तरतूद झाली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून ती लागू करण्यात आली. परगावच्या पर्यटकालाच प्रवेश, गोव्याच्या रहिवाशाला नाही. यामागचा हेतू चांगलाच आहे. आपल्या माणसाला या आगीपासून दूर ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच. पण या कायद्याचा अर्थ असा की राज्य स्वतःच लेखी कबूल करते, हे विष आहे. गोव्याच्या मुलाला नको. मग कोणाच्या मुलाला? दिल्ली दूर आहे, विमानाचे भाडे लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडून रात्रीत जाऊन पहाटे परत येण्याइतका जवळ राहतो तो बांद्याचा, सावंतवाडीचा, दोडामार्गचा, कुडाळचा मुलगा. सीमेच्या अलीकडच्या त्याच्या मावसभावाला, एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच देवीची ओटी भरणाऱ्या घरातल्या मुलाला दार बंद; याला उघडे. बागायतीचे कर्ज फेडण्यासाठी, आंब्याच्या एका वाईट हंगामाची भरपाई एका रात्रीत करण्यासाठी तो तेथे जाऊन बसला, तर त्याला अडविणारा कायदा ना पणजीत आहे ना मुंबईत.

आपल्याकडे सर्व निर्मळ आहे असा याचा अर्थ नव्हे. मटक्याच्या चिठ्ठ्या तळकोकणात कोण लिहितो हे गावोगावी ठाऊक असते. जत्रेच्या रात्री एका बाजूला दशावतार रंगलेला आणि मांगराच्या आडोशाला दिव्याखाली पट मांडलेला, हे दृश्यही अपरिचित नाही. पोलीस कधी येतात, कधी येत नाहीत. देवस्थानांच्या मानकऱ्यांनी याकडे काणाडोळा करणे थांबविले पाहिजे. पण जत्रेतला पट सकाळी उठतो. हॉटेलातला उठत नाही, आणि त्याच्या मागे शेअर बाजार उभा असतो.

तो पट आता आपल्या उंबरठ्यावर येऊ घातला आहे. मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली. त्याच्या परिसरात, पेडणे तालुक्यातील धारगळ येथे, डेल्टा कॉर्पने भव्य एकात्मिक रिसॉर्टची योजना पुढे आणली आहे. हा पेडणे महाल मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. धारगळातील या प्रकल्पासाठी सुमारे तीन लाख चौरस मीटरहून अधिक जमीन तिळारीच्या लाभक्षेत्रातून वगळण्यावरून गोव्यात मोठा वाद झाला. गोव्याच्या विधानसभेत तो गोव्याच्या शेतीचा प्रश्न म्हणून गाजला. पण तिळारीचे धरण कोठे आहे? ते दोडामार्ग तालुक्यात आहे. त्याच्या पाण्याखाली गेलेली गावे सिंधुदुर्गाची आहेत. देवराई, देवळे, पूर्वजांची घरे सोडून जे उठले त्यांना सांगितले गेले होते की हे पाणी शेताला जाईल, महाराष्ट्राच्याही आणि गोव्याच्याही. नोकरीसाठी, पुनर्वसनासाठी या माणसांनी किती आंदोलने केली याची गणती नाही. त्यांच्या त्यागातून भिजलेली, वा भिजणार असलेली जमीन द्यूतगृहाच्या मालकाकडे जावी? हा प्रकल्प उभयराज्यांचा आहे. लाभक्षेत्रातून जमीन वगळण्याचा निर्णय हा केवळ पणजीचा घरगुती मामला नाही. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने याबाबत लेखी विचारणा करावयास हवी.

‘मग आम्ही करावे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मालवणच्या किनाऱ्यावर आधीपासून आहे; त्याला रापण म्हणतात. जाळे सामाईक, होडी सामाईक, ओढायला सारा वाडा, आणि मासळीची वाटणी ठरलेल्या वाट्यांनी. पर्ससीनच्या अजस्र जाळ्यांनी समुद्र खरवडायला सुरुवात केली तेव्हा याच पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारला निर्बंध घालावे लागले. समुद्राची मालकी कुणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. तारकर्ली, देवबाग, चिवला येथे घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन, त्यांना सोलकढी आणि तिसऱ्यांचे सुके वाढून, मुलांची शिक्षणे करणारी शेकडो कुटुंबे आज आहेत. पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने त्यांना आधार दिला. समुद्रतळाचे प्रवाळ दाखविण्यासाठी पर्यटकाला पाण्यात नेणारा पाणबुड्या कालपर्यंत होडीवर होता. या धंद्यात उणिवा पुष्कळ आहेत. कचऱ्याची व्यवस्था नाही, सांडपाणी खाडीत जाते, सुरक्षेचे नियम पाळले जात नाहीत, मे महिन्यात दर वाटेल तसे वाढतात. त्या दुरुस्त करता येतील. कारण घर त्यांचे आहे आणि लाजही त्यांचीच जाईल. न्यूयॉर्कच्या न्यासाला कोणती लाज?

खरा धोका सध्या कॅसिनोच्या परवान्यापेक्षा सातबाऱ्यात आहे. मोपा झाल्यापासून दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले पट्ट्यात जमिनींना भलते भाव आले आहेत. मुंबईच्या चाळीत वा बदलापूरच्या सदनिकेत राहणाऱ्या भावंडांच्या सामाईक जमिनी, वर्षातून एकदा गणपतीला उघडणारी घरे, एका फोनवर विकली जातात. विकणाऱ्याला घेणाऱ्या कंपनीचे नाव वाचायलाही सवड नसते, आणि त्या नावामागे कोण आहे हे तर त्याला कधीच कळत नाही. डेल्टाने दमणला कॅसिनोच्या परवान्याच्या आशेवर आधी भव्य हॉटेल बांधून ठेवले. परवाना मिळाला नाही, पण वाट पाहण्याची ऐपत होती. जुगार हा राज्यसूचीतला विषय आहे. जो कायदा एका अधिवेशनात रद्द होतो तो दुसऱ्या अधिवेशनात पुन्हा येऊ शकतो, आणि तोवर किनाऱ्यावरची जमीन कुणाच्या नावावर आहे यावर सारे ठरेल.

सिंधुदुर्गातील ग्रामसभांनी म्हणूनच येत्या बैठकांत दोन ठराव करावेत. गावची किनाऱ्यालगतची जमीन विकण्यापेक्षा मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास प्रोत्साहन द्यावे आणि खरेदीदार कंपनीचे खरे मालक कोण ते ग्रामपंचायतीत जाहीर करण्याची मागणी शासनाकडे करावी, हा एक. दुसरा ठराव गोवा सरकारला उद्देशून: मांडवीतून नौका हलविण्याचा जुना शब्द पाळावा, आणि तो पाळेपर्यंत जी प्रवेशबंदी पेडण्याच्या मुलाला आहे तीच सावंतवाडीच्या मुलालाही लागू करावी. धारगळच्या जमिनीबाबतचे पत्र मात्र मुंबईहून जायला हवे, आणि ते लिहिण्याआधी जलसंपदा मंत्र्यांनी एकदा दोडामार्गला येऊन तिळारीच्या प्रकल्पग्रस्तांशी बोलावे.